दोन मिनिटांचं मौन

कळंबमध्ये कुणी मोठं माणूस वारलं, की श्रद्धांजलीच्या सभेला मला बोलावणं येतं. भाषणासाठी नाही. भाषणाला वकील आहेत, प्राध्यापक आहेत, आणि कुणी अडवलं नाही तर सोसायटीचे चेअरमनही आहेत. मला बोलावतात ते मौनासाठी. तीस वर्षं मी शाळेत पीटी शिकवली, त्यामुळे माझं 'सावधान' मैदानाच्या टोकापर्यंत जातं आणि माझं 'विश्राम' ऐकल्याशिवाय कुणाची बसायची हिंमत होत नाही. "दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून" असं मी म्हणतो, मान खाली घालतो, मनातल्या मनात चाळीसपर्यंत मोजतो आणि विश्राम देतो. खरी दोन मिनिटं कुणालाच झेपत नाहीत. साठाच्या पुढं गेलं की लोक खोकायला लागतात, एखाद्याचा मोबाईल वाजतो आणि गेलेल्या माणसाची शोभा होते. इतक्या वर्षांत एकाही घरातून तक्रार आलेली नाही.

गेल्या वर्षी मी रिटायर झालो आणि सकाळचा वेळ स्टँडसमोरच्या हॉटेलात जाऊ लागला. तिथं आमचं पाच-सहा जणांचं मंडळ बसतं. परदेशात युद्ध पेटलं होतं, रोज शहरांवर बॉम्ब पडत होते, आणि ते थांबवायचे की वाढवायचे हे आमच्या सहीवर अडलं असावं इतक्या तळमळीनं आम्ही भांडत होतो. इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक म्हणायचे, झोपलेल्या माणसावर छत पाडणं याला युद्ध म्हणत नाहीत. मी म्हणायचो, आधी पत्रकं टाकतात, फोनवर सूचना देतात, अमुक वाजेपर्यंत भाग मोकळा करा म्हणून सांगतात. मग लोक निघत का नाहीत? मी शिट्टी मारली की मैदान दहा सेकंदांत रिकामं व्हायचं. जो मागं राहिला, त्याची चूक. प्राध्यापक विचारायचे, "आणि ज्याला चालता येत नाही, तो?" मी म्हणायचो, अपवाद सगळीकडं असतात. चहा येईपर्यंत हे चालायचं, आणि चहा पिऊन झाला की पुन्हा पहिल्यापासून.

आमचा आवाज वाचनालयाच्या अध्यक्षांपर्यंत गेला. त्यांना महिन्याला एक कार्यक्रम करावाच लागतो आणि वक्ते मिळत नाहीत. त्यांनी परिसंवाद ठेवला. 'नागरी वस्तीवरचे बॉम्बहल्ले : अपरिहार्य की अक्षम्य?' अक्षम्य प्राध्यापकांनी घेतलं, अपरिहार्य माझ्याकडं आलं. आयुष्यात पहिल्यांदा मला मौनाशिवाय दुसरं काहीतरी दिलं होतं. मी चार दिवस बसून अकरा मुद्दे काढले.

ते मी आधी बायकोला वाचून दाखवले. ती ज्वारी निवडत होती. तिचं माहेर माकणीच्या बाजूचं. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचं घर पडलं, आईवडील आणि धाकटी बहीण गेली, हिला दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं. एवढं मला बघायच्या कार्यक्रमातच तिच्या काकांनी सांगितलं होतं. काकांनीच तिला पुढं सांभाळलं आणि कन्यादानही त्यांनीच केलं. त्या भागात एक रीत आहे. कोण गेलं ते विचारतात, कसं गेलं ते विचारत नाहीत. मीही विचारलं नाही, आणि ही माझी समजूतदारी आहे असं मला तीस वर्षं वाटत आलं.

लग्न ठरताना तिनं एकच अट घातली होती. शिट्टी घरी आणायची नाही. मला वाटलं, बाईला गडबड आवडत नसेल. शिट्टी शाळेच्या ड्रॉवरमध्ये राहिली आणि तिथूनच रिटायर झाली.

टीव्हीवर बातम्या लागल्या, की ती उठून आवाज बंद करायची. मग टीव्हीजवळ जाऊन, मान कलती करून, पडलेल्या इमारतींकडं बघत उभी राहायची. मी एकदा चिडून म्हणालो, "आवाज बंद करून काय कळणार आहे तुला?"

"लोक लई बोलायलेत," ती म्हणाली.

"कोण, बातम्या सांगणारे?"

"न्हाय. ढिगाऱ्यावरचे."

मी तो विषय तिथंच सोडला. मला तेव्हा क्रिकेटचा स्कोअर बघायचा होता.

तर, अकराही मुद्दे तिनं ज्वारी निवडत ऐकून घेतले. नंतर विचारलं, "सूचना दिली अन् मानूस झोपेत असला तर?" मी म्हणालो, ते सातव्या मुद्द्यात येतं. ती म्हणाली, "बरं. म्या येते उद्या." कळंबमधल्या माझ्या कुठल्याही कार्यक्रमाला ती कधी आली नव्हती. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मी तिला हिरवी साडी नेसायला सांगितलं.

सभागृह भरलं होतं. नंतर उपमा आहे हे आदल्या दिवशीच फुटलं होतं. अध्यक्ष म्हणाले, चर्चेआधी त्या युद्धात मेलेल्या निरपराध नागरिकांना आपण श्रद्धांजली वाहू, आणि माझ्याकडं बघून मान हलवली. अपरिहार्यच्या बाजूनं बोलणाऱ्यानंच श्रद्धांजली वाहायची, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. मी उभा राहिलो. सावधान दिलं, दोन मिनिटं स्तब्ध राहण्याची विनंती केली, चाळीस मोजले, विश्राम दिला. खुर्च्या वाजल्या. सगळे बसले.

तिसऱ्या ओळीत हिरवी साडी उभीच होती.

मी डोळ्यांनी खूण केली. ती हलली नाही. अध्यक्ष प्रेमानं म्हणाले, "वहिनी, बसा की."

"दोन मिनटं म्हनले हुते," ती म्हणाली. "झाली न्हाईत अजून."

कुणीतरी हसलं. अख्ख्या तालुक्यात जी खोट कुणी काढली नव्हती, ती माझ्याच बायकोनं काढली होती, आणि तेही उभं राहून. मी माईकवरच म्हणालो, "अगं, हे असंच असतं. मान द्यायचा म्हणून उभं राहायचं. तेवढ्यापुरतं."

"आमच्यात मान द्यायला न्हाय गप बसत," ती म्हणाली. "आमच्यात ऐकायला गप बसतात."

तिनं आवाज चढवला नव्हता. बाजारात भाव सांगावा तसं ती सांगत होती. "शिट्टी झाली की ढिगाऱ्यावरचे सगळे गप. खोरं बंद, रडनं बंद. खालून कोन ठोकतंय का ते ऐकायचं. दुसऱ्या दिशी सकाळी शिट्टी झाली, तवा म्या अन् धाकटी दोघी ठोकत हुतो. तिच्या हातात पितळी तांब्या हुता. लई खोल हुतो, आवाज जाईना. मग काका म्हनले, 'न्हाय कोनी. चला पुढं.' मला साफ ऐकू आलं. दुपारी फिरून शिट्टी झाली. तवा म्या एकलीच ठोकत हुते."

मागच्या ओळीत सरकवलेली एक खुर्ची मध्येच थांबली.

"काकांचा दोष न्हाय," ती म्हणाली. "दिस-रात हातानं माती उपसली हुती त्यांनी. दमले हुते. उलीसं थांबायचं हुतं, एवढंच. त्यांना म्या कधी सांगितलं न्हाय."

धाकटी जागीच गेली, असं काकांनी मला नंतर कधीतरी, न विचारताच सांगितलं होतं. मरेपर्यंत त्यांना तसंच वाटत राहिलं. दोन वर्षांपूर्वी ते वारले. त्यांच्या गावात सभा झाली. जावई म्हणून आणि तज्ज्ञ म्हणूनही मौन मीच दिलं होतं. चाळीस. ती तेव्हा पुढच्याच ओळीत होती, आणि मी विश्राम म्हटल्यावर पदर सारखा करून सगळ्यांबरोबर खाली बसली होती. काकांकडं बोट जाऊ नये म्हणून बसली होती, हे मला आत्ता कळत होतं.

अध्यक्षांनी घसा साफ केला आणि पहिला वक्ता म्हणून माझं नाव घेतलं. त्यांना दुसरं काही सुचलं नसावं. मी माईकपाशीच उभा होतो. अकरा मुद्द्यांचा कागद शर्टाच्या खिशात होता. सातवा मुद्दा मला पाठ होता. सूचना दिलेली असते, त्यानंतर जो मागं राहतो त्याची जबाबदारी त्याच्यावरच असते. तो मुद्दा मी तिला, ज्वारी निवडत असताना, जोरात वाचून दाखवला होता. मला लाज वाटली. इतकी, की समोरच्या प्राध्यापकांकडं बघवेना. ओझरतं बघितलं, तर त्यांच्याही चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं.

मी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणालो, "सावधान."

लोक उठले. चाळीस झाले. माझी जीभ सवयीनं वळली, ती मी आवरली. साठाला कुणीतरी खोकलं. सत्तरच्या आसपास एक मोबाईल वाजला आणि लगेच दाबला गेला. शेकडो वेळा मी हे मौन दिलं होतं, पण त्यात एकदाही काही ऐकलं नव्हतं, नुसते आकडे मोजले होते. आता पंखा ऐकू येत होता. स्टँडवरून निघालेल्या एसटीचा हॉर्न ऐकू येत होता. मागच्या खोलीत उपम्याच्या पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला आणि तो पितळेचा होता.

सगळ्यांच्या माना खाली होत्या. तिची नव्हती. तिनं मान एका बाजूला कलती केली होती आणि डोळे मिटले होते. मान अशीच कलती करून ती टीव्हीसमोरही उभी राहायची.

काटा दोन मिनिटांच्या पुढं गेला. अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं. मग बाकीचे बघायला लागले. विश्राम कधी द्यायचा हे मला आता ठरवता येत नव्हतं. मी तिच्या बसण्याची वाट बघत राहिलो, आणि ती बसत नव्हती. मला काहीच ऐकू येत नव्हतं. पण कोणी नाही, असं मी म्हणणार नव्हतो.