पायावरच्या पट्ट्या

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईचे एक डॉक्टर पोलिओ झालेली मुलं तपासायला पनवेलच्या दवाखान्यात आले. त्यांच्याजवळ स्नायूंतली वीज दाखवणारं यंत्र होतं. कातडीवर धातूच्या दोन पट्ट्या चिकटवायच्या. स्नायू जिवंत असला तर तो हलवताना यंत्राच्या काचेवरची रेघ उसळते.

आमची मुलगी पाच वर्षांची. उजवा पाय वर्षभर लुळा.

पट्ट्या लावताच रेघ नाचायला लागली. "हलतोय!" बायकोने माझा दंड धरला.

"थांबा बाई," डॉक्टर म्हणाले. "ती पाय हलवत नाहीये, तरी रेघ नाचते आहे. ही बाहेरची वीज."

शेजारी भाताची गिरणी होती, दवाखान्याच्याच विजेच्या तारेवर चालणारी. ती थोडा वेळ बंद ठेवा, असं सांगायला मी गेलो.

"बंद करतो," गिरणीवाला म्हणाला, "पन गिऱ्हाईक तुमी सांभाळा. माजं कोन ऐकनार नाय."

गिरणी थांबली, पंखाही बंद केला. थरथर बरीच कमी झाली, पण रेघ अधूनमधून झोके खात होती. डॉक्टरांनी पट्टी दाबून पाहिली. ती सरकली.

"तेल लावलंय?"

"रोज चोळते. आज जरा जास्त लावलं," बायको म्हणाली. "तुम्ही बघणार म्हणून."

"मुंजीला निघाल्यासारखं माखलंय हो!" डॉक्टर हसले. त्यांनी पाय साबणाने धुतला, स्पिरिटने पुसला, पट्ट्या नव्याने लावल्या.

"आता पाऊल वर उचल, बाळ."

मुलीने ओठ दाबून जोर केला. रेघ सरळ राहिली. तीनदा सांगून पाहिलं, तीनदा सरळ.

एवढ्यावर मानणं माझ्या स्वभावात नाही. "यंत्रच बिघडलं असेल," मी म्हणालो. "दुसऱ्या पायाला लावा."

डॉक्टरांनी पट्ट्या डाव्या पायाला लावल्या. तिने पाऊल उचललं आणि रेघ टोकापर्यंत उसळली. पाऊल टेकलं, रेघ निजली. यंत्रात काही दोष नव्हता.

"ह्या स्नायूत आता जीव यायचा नाही," डॉक्टर हळू म्हणाले. "लोखंडी पट्ट्यांचा बूट करू. चालेल ती."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "अहो, डाव्या पायाला लावायला कशाला सांगितलंत? यंत्र बिघडलंय असं तरी म्हणता आलं असतं."

डॉक्टर टेप घेऊन बुटाचं माप घ्यायला वाकले. पाय एकीकडे कलंडत होता, म्हणून मी गुडघा धरून ठेवला.