मूळ चित्रातला ठिपका

सेयिलकान सव्वीस वर्षं सीटी स्कॅन काढत होती. नारीन नदीकाठच्या त्या लहान इस्पितळात डॉक्टर आले नि गेले, ती मात्र हलली नाही. मध्ये एक अख्खं वर्ष तिने मेंदूच्या रक्तवाहिन्यांची चित्रं संगणकावर हाताने रेखून दिली होती. त्यावरून शिकलेला प्रोग्राम आता धूसर चित्रं लख्ख करून द्यायचा. वाहिन्या दिसण्यासाठीचं रंगद्रव्य मूत्रपिंडांना बाधतं; ती कमजोर असलेल्यांना आता त्याचं अर्धं इंजेक्शनही पुरायचं.

त्या मंगळवारी कासिमाली मास्तर आले. सेयिलकानला त्यांनीच गणित शिकवलेलं. आठवडाभर त्यांचं डोकं ठणकत होतं, मूत्रपिंडं आधीच थकलेली.

प्रोग्रामच्या चित्रात सगळ्या वाहिन्या स्वच्छ होत्या. सेयिलकानने सवयीने मूळ चित्र उघडलं आणि ते मोठं करून पाहिलं. वाहिनीला फाटा फुटतो तिथे जवाच्या दाण्याएवढा ठिपका होता.

“एजे, चित्रातली धूळ आहे ती,” तिथल्या रीतीने तिला मोठ्या बहिणीसारखी हाक मारत तरुण एरमेक डॉक्टर म्हणाले. “ती पुसायलाच तर प्रोग्राम घेतलाय.”

“आणि वाहिनीला फुगा आला असेल तर?”

“तर त्याला दिसला असता. तुम्हीच शिकवलंय ना?”

“म्हणूनच सांगतेय! मी रेखलेल्या चित्रांत फुगे होतेच किती? उणेपुरे नऊ. तेवढ्यावरून तो काय शिकणार?”

“पुन्हा इंजेक्शन दिलं नि मूत्रपिंडं बसली तर? आणि निघालं काहीच नाही तर?”

ती उठून बाहेर गेली. बाकावर मास्तर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. फुगा असून फुटला तर जीव जाईल, इंजेक्शनने मूत्रपिंडं बसतील, हे दोन्ही धोके तिने जसेच्या तसे सांगितले.

“शाळेत नुसतं उत्तर लिहायचीस, रीत कधी नाही,” मास्तर म्हणाले. “आज रीत सांगितलीस. काढ फोटो.”

थोडंसं रंगद्रव्य, तेवढाच भाग, प्रोग्राम बंद. पडद्यावर फुगा स्पष्ट उमटला. एरमेकनी लगेच गाडी बोलावली.

मास्तरांना घेऊन गाडी शस्त्रक्रियेसाठी राजधानी बिश्केकला निघाली, तरी तिच्या जिवाला चैन पडेना. प्रोग्राम आल्यापासून चार महिन्यांत एकसष्ट माणसं ‘स्वच्छ’ म्हणून घरी गेली होती. तिने आणि एरमेकनी सगळ्यांची मूळ चित्रं उघडली. एका बाईच्या चित्राशी ती थबकली.

“एरमेक, हिला फोन लावा.”

बाई वरच्या कुरणात घोड्या राखायला गेलेली. तिथे फोन लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी एरमेक स्वतः जाऊन तिला घेऊन आले. ती आणि सेयिलकान, दोघींपैकी कोण जास्त घाबरलंय, ते कळत नव्हतं. नव्याने काढलेल्या चित्रात फुगा होता, पण फुटला नव्हता.

मास्तर वाचले. मूत्रपिंडं मात्र महिनाभर रुसली, आणि तो महिनाभर सेयिलकानला घास गोड लागला नाही.