रिकामी खेप

खरं सांगायचं तर सोमाजीला डिंपलविषयी फारसं काही ठाऊक नव्हतं. ती पवनीहून बसनं येते, चहात साखर घेत नाही आणि कॉम्प्युटरशी भांडते, एवढंच. अड्याळच्या मच्छीमार सोसायटीत दोघांची टेबलं समोरासमोर. पण म्हातारा सोमाजी बोलायला लाजे.

त्या दिवशी चारला मत्स्य खात्याचे साहेब येणार होते. सभासदांची यादी फलकावर दिसली नाही, तर तलावात सोडायचं मत्स्यबीज दुसऱ्या सोसायटीला जाणार. जुन्या यादीत नावांना मोबाइल नंबर चिकटलेले. नंबर झाकून तिथं एक आडवी रेघ टाक, असा हुकूम डिंपलनं कॉम्प्युटरला सोडला. छापून निघालं ते पाहून सभासद तुलाराम हबकलाच. अक्षराअक्षरात रेघा! काने-उकारसुद्धा सुटे पडलेले.

"काहून वो बाई, शिंगाडा आहो का मी? नावाले चहूकडून काटे लावले!"

डिंपल रडकुंडीला आली. "मी म्हटलं, कितीबी आकडे असो, झाक. अन् हा कॉम्प्युटर आकडा नाही तिथंबी रेघ ओढून राहिला!"

सोमाजी खाकरला. आपण मॅट्रिक नापास, बोलावं का? तरी बोलला.

"कितीबी म्हंजे... शून्यबी चालते का?"

"चालते. काहून, काकाजी?"

"मंग त्याचं काय चुकलं? आपल्या तलावावर जाळं रिकामं निघालं तरी खेप मोजतोच ना? मोजून एक पाऊल पुढं सरका लागते, नाही तर माणूस दिवसभर तिथंच उभा राहीन. हाबी तसाच. दर पावली रिकामं जाळं मोजून राहिला."

"म्हंजे आपल्यातलाच निघाला हा!" तुलाराम हसला.

डिंपलनं खुर्ची कॉम्प्युटरकडं ओढली. मग तिनं हुकमातलं 'कितीही'चं चिन्ह खोडून 'किमान एक'चं टाकलं. साडेतीनला यादी फलकावर लागली. तुलारामच्या नावाला एकच रेघ होती. तरी ती त्यानं बोटानं चाचपून पाहिली.

मत्स्यबीज आलं त्याच आठवड्यात डिंपलला तुमसरच्या राइस मिलमध्ये नोकरी लागली. शेवटच्या दिवशी सोमाजीनं मनात बरंच काही बोलायचं जुळवून ठेवलं होतं. तिनं पर्स उचलली.

"जातो, काकाजी. पंखा बंद करजा."

"करतो. बस भेटते ना?"

"भेटते."