खाडीचा वारा सुटण्याआधी

वनरक्षक म्हणून लागले त्या पहिल्याच वर्षी, राखायला दिलेली टेकडी मी स्वतःच्या हाताने जाळली. दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. आम्ही गिरगाव सोडून खाडीकाठच्या जेसल पार्कला राहायला आलो होतो. हायवेपलीकडची अख्खी टेकडी माझ्या ताब्यात होती आणि त्याचा मला भारी तोरा होता.

हिवाळ्यात टेकडीच्या पायथ्याशी जाळरेषा काढतात. रस्ता आणि जंगल यांच्यामधला गवताचा पट्टा आपणच आधी जाळून टाकायचा, म्हणजे उन्हाळ्यात रस्त्याकडून वणवा आला तर त्याला पुढे खायला काही मिळत नाही. माझ्या हाताखाली गोडदेव गावचे एक वनमजूर काका होते, अर्धं आयुष्य मिठागरात घालवलेले. ते म्हणाले, "बाय, उजाडता उजाडता लावू. तवा वारा डोंगरावरून खाडीकडं जातो. दुपारला उलटा फिरतो, मंग काय खरं न्हाय."

मी ऐटीत म्हटलं, "काका, आधी हजेरी, मग काम."

हजेरी ऑफिसात, साडेदहाला. मी काडी ओढली तेव्हा दव कधीच उडून गेलं होतं. थोड्याच वेळात खाडीकडून वारा सुटला आणि आग पट्टा सोडून सरळ जंगलात घुसली. आम्ही ओल्या फांद्यांनी झोडपत राहिलो, तरी अर्धा उतार गेला. दुसऱ्या दिवशी राखेत एक घोरपड सापडली. तिला पळता आलं नव्हतं. मी तिथेच बसून ढसाढसा रडले.

बिल्डिंगमधल्या शेजारीण काकी जिन्यात गाठून विचारायच्या, "बेटा, तू जंगल बचाती है या जलाती है?" मी हसायचे आणि घरी येऊन भांडी आपटायचे. साहेबांनी तर स्वच्छ सांगितलं, "पुन्हा आग सुटली तर टेकडी दुसऱ्याकडे देईन." वरचा उरलेला अर्धा उतार, चितळांचा तेवढाच आसरा, आता माझ्या एका काडीवर होता.

पुढच्या जानेवारीत मी आपणहून काकांकडे गेले. "काका, वेळ तुम्ही सांगा." हजेरीची वही पिशवीत घालून जंगलातच नेली आणि पहाटेच सगळ्यांच्या सह्या घेतल्या. साहेब ओरडले असते तर ओरडले असते! गवत दवाने ओलं होतं, आग कुरकुरत, रांगत पुढे जायची. वारा तिला जंगलापासून लांब, रस्त्याकडे ढकलायचा आणि तिथे आमची माणसं फांद्या घेऊन उभी असायची. रोज नऊच्या सुमाराला काका नाक वर करून हवा हुंगायचे आणि म्हणायचे, "बस आता. काडी खिशात." मी निमूट थांबायचे. माझ्यासारखीला हे किती जड गेलं ते माझं मला ठाऊक. बारा दिवसांत पट्टा काळा झाला, ठिणगीसुद्धा बाहेर गेली नाही.

मार्चमध्ये एका दुपारी रस्त्याकडेला कुणीतरी कचरा पेटवला. आम्ही धावत पोचलो तोवर कडेचं वाळलं गवत पेटून पुरुषभर ज्वाळा खाडीच्या वाऱ्यावर जंगलाकडे निघाल्या होत्या. मी फांदी उचलून पुढे झेपावले. काकांनी माझा दंड धरला, "हालू नको, बग."

आग काळ्या पट्ट्याच्या कडेला आली. इकडे वळली, तिकडे वळली, आणि बुटकी होत होत जाग्यावर बसली. उडालेल्या ठिणग्या राखेत पडून विझल्या. पट्ट्यापलीकडे, वरच्या उतारावर चितळं माना उंच करून उभी होती. एकही पळालं नाही. मी कसली वनरक्षक, शाळेतल्या पोरीसारखी उड्या मारत ओरडत सुटले. काकासुद्धा पागोटं हवेत फिरवत नाचले.

साहेब गाडीभर माणसं घेऊन धापा टाकत पोचले, तेव्हा नुसता धूर होता. "इतक्यात कोणी विझवली?"

छाती पुढे काढून मी म्हटलं, "काकांनी, साहेब. जानेवारीतच."