हात मांडीखाली

सुगतला जर्मनीला जायचं होतं ते म्हाताऱ्यांची सेवा करायला नव्हे. पण वर्षभर स्वयंसेवक म्हणून राबायला तयार असलेल्या पोरांना तिथं राहायला खोली आणि हातखर्च मिळतो, शिवाय भाषा आपोआप सुधारते, असं वाशीच्या जर्मन क्लासचे मितेशसर म्हणाले आणि त्याला सेवेची ओढ वाटू लागली. वडीलधाऱ्यांचा आदर हा आमच्या संस्कृतीचा गाभा आहे, असं त्यानं अर्जात लिहिलं. क्लासमधल्या सगळ्यांच्याच अर्जात हे वाक्य होतं.

त्याच्या बाबतीत ते अगदीच खोटं नव्हतं. वडील नामदेव कळंबोलीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कारकून, आई जयमाला शाळेत नोकरीला, त्यामुळे सुगतला वाढवलं रखमाआत्यानं. नवरा गेल्यावर ती बीडकडून भावाकडे आली ती कायमचीच. पोरगा जेवायचा नाही, म्हणून आमटीत भाकरी कुस्करून ती ताट घेऊन त्याच्यामागे फिरायची. तो पाचवीत जाईपर्यंत तिनं त्याला हातानं भरवलं. हे मात्र त्यानं अर्जात लिहिलं नाही.

जर्मनीतल्या एका लहान गावातल्या वृद्धाश्रमात फ्राऊ, म्हणजे श्रीमती, ब्रिंकमान त्याच्या वाट्याला आल्या. जन्मभर पोस्टात नोकरी केलेल्या, आता कंपवातानं हात थरथरणाऱ्या. चमचा तोंडाशी पोचेपर्यंत निम्मं सूप सांडलेलं असायचं. सुगतला बघवेना. त्यानं त्यांच्या हातातला चमचा हळूच काढून घेतला आणि भरवायला लागला. दोनदा त्यांनी तोंड उघडलं, तिसऱ्यांदा ओठ मिटून घेतले. त्यानं लाडानं चमचा ओठांना टेकवला.

“तुम्हाला घाई आहे का?” बाईंनी शांतपणे विचारलं.

मुख्य नर्सनं त्याला बाहेर नेलं. “दिवसभरात बाई एवढी एकच गोष्ट स्वतः करतात. तुला हात आवरत नसतील, तर त्या हातांवरच बसत जा.”

त्या दिवशी सुगतला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो खरोखरच दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बाईंच्या शेजारी बसू लागला. एका वाटीला पाऊण तास लागे. दोन चमच्यांच्या मध्ये बाई बोलत, हा ऐके, चुकत बोले, त्या सुधारत. वर्षअखेरीस त्याचं जर्मन उत्तम झालं. फक्त ऐंशी पार केलेल्या पोस्टमास्तरणीसारखं झालं. दुकानातल्या पोरी हसायच्या.

तो तिकडे असताना आत्याला अर्धांगाचा झटका आला. घरच्यांनी फोनवर ‘जरा बीपीचा त्रास आहे’ एवढंच सांगितलं. तो खारघरच्या घरी परतला तेव्हा आत्या पलंगावर बसलेली होती, उजवा हात मांडीवर निपचित, आणि आई तिला भरवत होती.

“आई, थांब. असं करू नकोस,” सुगत म्हणाला. “तिचा अपमान होतो. तिला स्वतः खाऊ दे. मी बसतो.”

त्यानं आत्याच्या डाव्या हाताशी चमचा ठेवला आणि आपले हात मांड्यांखाली घेऊन बसला. आत्यानं चमच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. आमटीत कुस्करलेली भाकरी गार झाली. तिला वेळ लागतोय, असं त्यानं मनात नोंदवलं. वाट पाहण्याचं त्याला शिक्षणच मिळालं होतं.

असे काही आठवडे गेले. दरम्यान मितेशसरांनी त्याला नव्या बॅचसमोर बोलायला बोलावलं. विषय होता आंतरसांस्कृतिक समज. चमच्याचा किस्सा फारच रंगला. सरांनी व्हिडिओ काढून पाठवला. “मस्त बोललास यार, पब्लिक एकदम शांत.”

रविवारी धनाजीमामा सहकुटुंब जेवायला आले. नामदेवांनी कौतुकानं मोबाईल मोठ्या आवाजात लावला. व्हिडिओतला सुगत म्हणत होता, “मी तिथं शिकलो, की कधी कधी प्रेम म्हणजे आपले हात मांडीखाली ठेवणं.” टाळ्या वाजल्या. मामांनीही वाजवल्या.

“नामा, जरा बंद कर ते,” पलंगावरून आत्या म्हणाली. तिची जीभ अजून जड होती, पण शब्द कळत होते. “ह्यो तिकडं म्हाताऱ्यांचं कराया गेला हुता म्हनं. आन् माज्या येळंला बुडाखाली हात घेऊन बसतुया. डाव्या हातानं भाकर खा म्हनतो मला.”

मामा हसले. मामी हसल्या. आत्या हसत नव्हती.

“अगं आत्या, ते तसं नाही,” सुगत म्हणाला. “तुला कुणावर अवलंबून राहायला लागू नये म्हणून...”

“मी कवा म्हनलं तुला, आत्यावर अवलंबून राहू नगंस?”

मामांनी आता ताटात बघितलं.

स्वयंपाकघरात पाणी आणायला गेलेल्या सुगतला आई हळू आवाजात म्हणाली, “तू बाहेर गेलास की मी भरवते त्यांना. नाहीतर काय, उपाशी ठेवायचं का? तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही कोणी. वर्षभर एवढं शिकून आलास.”

म्हणजे घरात सगळे त्याला सांभाळून घेत होते. त्याच्या चालीरीती वेगळ्या झाल्यात हे ओळखून, त्याला न दुखवता, त्याच्या पाठीमागे आपलं जेवण उरकत होते. यासाठी कुणी परदेशात गेलं नव्हतं. त्यानं फ्राऊ ब्रिंकमानना ‘भरवू का’ असं एकदा विचारलंही नव्हतं आणि त्याची लाज बाळगली होती. आत्यालाही विचारलं नव्हतं, आणि त्याचं भाषण केलं होतं.

बाहेर येऊन त्यानं सगळ्यांदेखत भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि आत्यापुढे धरला. तिनं मान फिरवली.

“आता नगं. मानसं बघत्यात.”

तो घास हातात तसाच घेऊन तो बसला. खावा की ठेवावा, कळेना. आमटी मनगटावरून ओघळली.

सोमवारी वडील कामावर गेले, आई शाळेत. सुगतनं ताट वाढून आणलं, चमचा आणला नाही.

“आत्या, तुला कसं पाहिजे?”

तिनं आधी ताटात चमचा शोधला.

“असं इचारू नगं रं,” ती म्हणाली. “परक्यावानी वाटतं.” आणि ताट त्याच्याकडे सरकवून तिनं तोंड उघडलं.