फायनलचे डॉक्टर

आमच्या बाबांना अमेरिकन फुटबॉल कधी कळला नाही आणि त्यांना तो कळून घ्यायचाही नव्हता. कार्डिफच्या एका हॉस्पिटलात ते इमर्जन्सीमध्ये कन्सल्टंट होते. खेळ म्हणजे त्यांच्या लेखी शनिवार-रविवारी मोडून येणारी हाडं. मी युनिव्हर्सिटीच्या संघात होतो तेवढी वर्षं ते एकदाही मैदानावर फिरकले नाहीत. "तुझी ती धक्काबुक्की कशी चाललीय?" एवढीच चौकशी, तीही जेवताना.

मी किकर होतो. म्हणजे बाकीचे एकमेकांना भिडतात आणि अधूनमधून मला आत बोलावून चेंडू दोन खांबांच्या मधून मारायला सांगतात. माझ्यासारख्या किरकोळ अंगाच्या मुलाला त्या खेळात तेवढीच जागा होती, पण ती मी कमावलेली होती. शेवटच्या वर्षी आम्ही आमच्या विभागाच्या फायनलला पोचलो. आमचा संघ त्याआधी कधी तिथवर गेला नव्हता. मलाही त्यानंतर पुन्हा संधी नव्हती, कारण मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होतो.

सामन्याला वैद्यकीय मदत हजर नसेल तर रेफ्री खेळ सुरूच करत नाहीत. ठरवलेल्या लोकांनी नेमकं त्या दिवशी सकाळी येत नाही म्हणून कळवलं. कोच डोक्याला हात लावून बसले. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की माझे वडील डॉक्टर आहेत. हे आपल्या लोकांचं नेहमीचंच. मंडळाचा गणपती असो, सहल असो, कुणाच्या छातीत कळ येवो, डॉक्टर घरचाच हवा. मी फोन केला.

"बाबा, प्लीज. तुम्ही नाही आलात तर फायनल कॅन्सल होईल."

"अरे, आज माझा ऑफ आहे. किती आठवड्यांनी मिळालाय."

"बाबा..."

"बरं, पोस्टकोड पाठव."

ते आले. लांब काळा कोट, हातात बॅग, चेहऱ्यावर वॉर्डात शिरतानाचे भाव. कोचनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. प्रतिस्पर्ध्यांचा कॅप्टनसुद्धा येऊन थँक यू म्हणून गेला. मी लांबून बघत होतो आणि मला इतका आनंद झाला होता की तो आठवला तरी आज स्वतःची कीव येते. वाटलं, निदान आज तरी ते मला खेळताना बघतील.

त्यांनी बघितलं. सामना संपत आला होता. किकऑफला मी चेंडू समोरच्यांच्या हद्दीत मारून दिला आणि त्यांचा सगळ्यांत वेगवान गडी तो घेऊन आमच्या सगळ्यांना चुकवत सुटला. मागे मी एकटा उरलो होतो. किकरने असल्या भानगडीत पडायचं नसतं, पण मी त्याच्या पायांत स्वतःला झोकून दिलं. दोघंही आडवे झालो. खांदा सणकून दुखला. बाजूला आमची पोरं माझं नाव घेऊन ओरडत होती. मी उठून उभा राहतो तर बाबा समोर.

"हेल्मेट काढ. कुठे आहोत आपण? आज वार कोणता? स्कोअर किती?"

"मैदानावर. रविवार. दोन पॉइंट मागे आहोत, बाबा. डोकं लागलेलंच नाही, खांद्यावर पडलोय."

त्यांनी डोळ्यांत टॉर्च मारला. एका पायावर उभं केलं. मी उभा राहिलो, त्यांना हवं तितका वेळ. मग ते रेफ्रीकडे वळून म्हणाले, "ही इज आउट."

"बाबा!"

"आय ॲम द डॉक्टर हिअर." बाबा माझ्याशी इंग्रजीत बोलले की विषय संपलेला असायचा. इथे तर नियमही त्यांच्या बाजूने होता. डॉक्टरांनी बाहेर काढलेला खेळाडू परत आत जात नाही, आणि त्यावर कुणाला हूं की चूं करता येत नाही.

शेवटी आमच्या पोरांनी चेंडू परत मिळवून खांबांच्या अगदी जवळ आणून ठेवला. आता फक्त किक मारायची, की तीन पॉइंट आणि फायनल आमची. असली किक मी झोपेतून उठून मारली असती. माझ्या जागी बचावातला एक धिप्पाड मुलगा उभा केला. त्याने सरावातसुद्धा कधी किक मारली नव्हती. चेंडू डावीकडून बाहेर गेला. तो तिथेच गुडघ्यांवर बसला आणि मला तोंड लपवायलाही जागा नव्हती. मला कुणी बोललं नाही. उलट कोचनी बाबांचे पुन्हा आभार मानले.

घरी जाताना गाडीत आईचा फोन आला. स्पीकरवर होता आणि मी शेजारी बसलो होतो.

"अहो, त्याला फार लागलंय का?"

"छे गं, काही झालेलं नाही. खांदा थोडा आखडलाय. पण पेपर तोंडावर आलेत, आणि हा तिथे लोळतोय. म्हटलं बस झालं, काढला बाहेर."

"बरं केलंत," आई म्हणाली.

ते मला ऐकू येतंय याची त्यांना लाजही वाटली नाही. खुशखबर द्यावी तसं सांगत होते. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी बोभाटा केला असता. पण मी तोंड उघडलं असतं तर बाबांच्या डॉक्टरकीवर आलं असतं. आपल्या बापाचं कोण असं करतं? परीक्षेत फर्स्ट क्लास मिळाला. आज ब्रॅकनेलला कंपनीत चांगल्या जागेवर आहे. त्याचंही श्रेय बाबा त्या दिवसालाच देतात.

मला त्यांचा राग येतो. अजून येतो. आणि दर वर्षी नव्याने येतो, कारण गणपतीला घर पाहुण्यांनी भरलं की ते ही गोष्ट सांगतात आणि दर वर्षी माझी प्रकृती आणखी बिघडते. आधी मला नुसती चक्कर आली होती. मग उलटी झाली. यंदा मी डोळे फिरवले.

"बेशुद्धच पडायचा बाकी होता," ते उकडीचा मोदक फोडत म्हणाले. "वार विचारला, तर ह्याला वार सांगता येईना! मी नसतो तर काय झालं असतं, कल्पना करा."

सगळ्यांनी चुकचुक केली. माझी मुलगी माझ्याकडे वळली. "बाबा, खरंच? तुला वार माहीत नव्हता?"

मी आईकडे बघितलं. तो फोन ऐकलेलं तिसरं माणूस तीच. ती तुपाची वाटी पुढे सरकवत होती.

"रविवार होता," मी म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो असणार, कारण माझी मुलगी दचकली.

बाबांनी मान वर केली. क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग पाहुण्यांकडे वळून हसत म्हणाले, "बघा! अजून आठवतंय. म्हणजे डोकं वाचवलं की नाही मी?"

सगळे खो खो हसले. आईसुद्धा हसली.