पुलावरच्या प्रेबेनची बायको

प्रेबेन क्वीस्टनं एकतीस वर्षं आमच्या खाडीवरचा पूल उघडला आणि मिटला. पुलाच्या मधोमध त्याची केबिन, चारी बाजूंनी काचा. शिडाची बोट आली की घंटा वाजवायची, गाड्या थांबवायच्या आणि दांडा ओढायचा. रस्त्याचे दोन तुकडे आभाळाकडे उभे राहायचे, बोट गेली की परत खाली यायचे. पुलाच्या तोंडाशी माझं खाण्याचं दुकान. रोज दुपारी तो राय धान्याचा काळा पाव आणि खारवलेला हेरिंग मासा घेऊन जायचा, बोटानं दाखवून. तोंड उघडायचा कंटाळा.

पुढे पूल दुसऱ्या गावातून, पडद्यावर बघून चालवायला लागले. प्रेबेन घरी बसला आणि केबिन रिकामी पडली. मग एका ऑक्टोबरात थिरा नावाची दिग्दर्शिका सहा माणसं घेऊन आली. अख्खा सिनेमा त्या केबिनमध्येच घडणार होता. एक नट, एक फोन आणि एक दुपार, बस्स. नटाच्या नाजूक हातांना दांडा काही हलेना, म्हणून थिरानं प्रेबेनला बोलावलं. जिथे जिथे नुसते हात दिसणार होते, तिथे त्याचे हात. डाव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच; तरुणपणी बोटीवरच्या दोरखंडात गेलेलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी गावच्या सभागृहात तो सिनेमा दाखवला. आम्ही सगळे आपला पूल बघायला नटूनथटून गेलो. सिनेमात पुलावरच्या माणसाला फोन येत राहतात, एक बाई हरवली आहे म्हणून. तो मदत करतो, धीर देतो. शेवटी कळतं की ती बाई त्याचीच बायको, आणि धुक्यात पूल उघडून तिला पाण्यात लोटणारा तोच. लोटणारे हात पडद्याएवढे मोठे दिसले. अर्धं बोट सगळ्या गावानं ओळखलं.

दिवे लागले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्या शेजारी बसलेला हेनिंग, मासेमारी करणारा, माझ्या कानाशी आला.

"अलिस, बोदिलला जाताना तू पाहिलं होतंस?"

बोदिल म्हणजे प्रेबेनची बायको. पंधरा वर्षांपूर्वी ती एकाएकी दिसेनाशी झाली होती. "बोर्नहोम बेटावर गेली, बहिणीकडे," एवढंच प्रेबेन म्हणाला होता आणि आम्हीही मान डोलावली होती. मी तिला जाताना पाहिलं नव्हतं. बसच्या ड्रायव्हरनं पाहिलं नव्हतं. कोणीच पाहिलं नव्हतं.

"त्या आठवड्यात धुकं होतं," हेनिंग म्हणाला. "पूल उघडल्याचा आवाज मी ऐकला. आणि बोट? एकही आली नव्हती!"

"पंधरा वर्षांपूर्वीचं तुला बरं आठवतं! काल जेवलास काय ते सांग."

तो हसला नाही. खरं सांगायचं तर मीही नाही.

त्यानंतर गाव बदललं. मंगळवारच्या पत्त्यांच्या डावात प्रेबेनला जोडीदार मिळेना. ज्याला त्याला सर्दी व्हायला लागली. त्याच्या बागेत सफरचंदाच्या झाडाखालची जमीन जरा उंच वाटते, असं कोणीतरी म्हणालं, आणि रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण कुंपणावरून मान लांब करायला लागला. मीही केली. तो दुकानात आला की माझी नजर त्याच्या हातांवर जायची. पाव कापायची सुरी मी आत सरकवून ठेवायचे. चाळीस वर्षं ओळखत होते मी त्याला!

एक दिवस मलाच राहवेना. दालचिनीचा केक घेऊन त्याच्या दारात उभी राहिले. त्यानं केक घेतला नाही.

"विचारायला आलीस ना? विचार."

"बोदिल कुठे आहे, प्रेबेन?"

"त्याआधी मी विचारतो. त्या पोरीला बोदिलचं तूच सांगितलंस ना?"

चित्रीकरणाच्या आधीच्या वसंतात थिरा जागा बघायला एकटीच आली होती. माझ्याकडे सूप प्यायली. पुलावर कोण असायचं, तिनं विचारलं, आणि मी गप्पांच्या भरात म्हणाले होते, "तिथला माणूस मुका म्हणावा इतका गप्प. बायको एक दिवस गेली, कोणाला कळलंही नाही." त्यानंतर त्या वाक्याची मला आठवणसुद्धा राहिली नव्हती.

"मीच," मी म्हणाले.

त्यानं मला आत घेतलं. मग म्हणाला, "ती मला सोडून गेली. पहाटे मीच गाडीनं स्टेशनवर सोडलं. म्हणाली, अकरा दिवसांत तू माझ्याशी सात शब्द बोललास, मी मोजले. आता हे गावभर सांगू का?"

स्वयंपाकघरातल्या डब्यातून त्यानं एक चिठ्ठी काढून दिली. तिच्यावर फोन नंबर होता. "मी कधी केला नाही. तू कर."

खोटं बोलायचं तर माणूस हेच बोलेल, असं घरी येईपर्यंत माझ्या मनात घोळत होतं. नंबर लावतानाही. चौथ्या घंटेला आवाज आला.

"हॅलो, बोदिल बोलतेय."

मी सगळं सांगितलं, माझ्या सुपासकट. आधी ती हसत सुटली. "प्रेबेन आणि खून? अगं, गळाला लागलेल्या माशाची माफी मागतो तो!" मग एकदम थांबली. "आणि तुम्ही सगळ्यांनी खरं मानलंत?"

शुक्रवारी ती जहाज, गाडी आणि बस करत आली. तडक प्रेबेनकडे न जाता आधी भरबाजारातून चालत माझ्या दुकानात शिरली. आत हेनिंग धरून सातआठ माणसं होती.

"एक काळा पाव, अलिस," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "मेलेल्या बाईला भूक फार लागते."

हेनिंगचा चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा झाला. "बोदिल, मी फक्त..."

"तू फक्त काय? सफरचंदाखाली खणायचं होतं का? चल, फावडं मी धरते."

त्या संध्याकाळी ती दोघं त्याच्या स्वयंपाकघरात कॉफी घेत बसली. काय बोलली, कोणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी ती परत बोर्नहोमला गेली. ती तिथलीच झाली होती. जाताना मला म्हणाली, "काल त्यानं दोन तास बोलून दाखवलं. पंधरा वर्षं उशीर केला मेल्यानं."

पत्त्यांच्या डावाला त्याला परत बोलवायला लोक दोनदा गेले. हेनिंग खारवलेला मासा घेऊन गेला. प्रेबेननं मासा ठेवून घेतला आणि दार लावलं. डावाला तो पुन्हा आलाच नाही. पाव मात्र अजून माझ्याकडूनच नेतो. पैसे ठेवतो आणि हल्ली दारातून वळून सांगतो, "उद्या वारा सुटणार आहे." मी त्याची माफी मागितली, दोन वेळा. त्यावर तो अजून काही बोललेला नाही.